पुस्तकातलं आणि पुडीतलं

वाशीम जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या औषधखिडक्यांमागं मी एकोणतीस वर्षं बसले. आत मी, बाहेर रांग. गोळी कधी, किती, जेवणाआधी की नंतर, हे मी सांगायचे. माझं सांगून झालं की रांगेतलं माणूस मागं वळून बघायचं, आवाज खाली आणायचं आणि विचारायचं, "बाई, याच्यासंगं झाडपाल्याचं चालते का?"

हा प्रश्न डॉक्टरांना कोणी विचारत नाही, कारण डॉक्टर रागावतात. पुडी विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही, तो "चालते" म्हणणारच. उरली खिडकीतली बाई. सुरुवातीची काही वर्षं मी माझ्या तब्येतीप्रमाणे उत्तर द्यायचे. घरून हसतखेळत निघाले असले तर "चालतं हो, पाल्यानं काय होतं." भांडून निघाले असले तर "काही चालत नाही, कचरा खाऊ नका." कॉलेजात आम्हाला वनस्पतींचा एक पेपर होता. सोनामुखीच्या पानाचा आडवा छेद काढला, अडुळशाच्या पानाचा काढला, पास झालो आणि विसरलो. झाडपाल्याबद्दल माझं ज्ञान माझ्या आईएवढंच होतं, फरक इतकाच की तिच्याकडं पांढरा कोट नव्हता.

केनवडच्या बाजूला बदली झाली तेव्हा एक भजनी बुवा दर महिन्याला गोळ्या न्यायला यायचे. त्यांचा रक्तदाब काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी गोळी बदलली, वाढवली, जोडीला दुसरी दिली. बुवा मीठ सोडून बसले, तरी दाब जागच्या जागी. एकदा खिडकीशी बोलताना त्यांच्या गालात काहीतरी हललं.

"बुवा, तोंडात काय हो?"

"जेठीमध. गळ्यासाठी. सकायपासून झोपेवरी चघळत राह्यतो. आवाज पाहा ना कसा हाय!"

बाजारात मिळणारी तीन पुस्तकं मी आणून वाचली. तिन्हींत ज्येष्ठमधाची आरती ओवाळली होती. चौथं पुस्तक डॉक्टरांच्या टेबलाचा पाय डगमगू नये म्हणून खाली घातलेलं होतं, ते काढून घेतलं. जाड, रुक्ष, चित्र म्हणून नाही. त्यात बारीक अक्षरांत होतं की रोज, पुष्कळ आणि फार दिवस घेतलं तर अंगात मीठपाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. मी ती ओळ तीनदा वाचली. कुठल्या कोण माणसानं कधीतरी लिहून ठेवलेली ओळ, आणि ती केनवडच्या बुवांच्या गालातल्या काडीबद्दल होती! बुवांनी काडी सोडली, काही आठवड्यांत दाब गोळ्यांचं ऐकायला लागला. बुवा मात्र माझ्यावर रुसले. "दाब उतरला बाई, पन संगं आवाजबी उतरला. आता मांगं बसून टाळ वाजवतो."

त्या टेबलाखाली मी एक वीट ठेवली आणि पुस्तक घेऊन आले. तिथून मला हा नाद लागला. जिथं बदली होईल तिथं भांडारखोलीत सलाइनच्या खोक्यांवर फळी टाकायची आणि पुस्तकं लावायची. मग फोन आला, फोनवर सगळं जग आलं, तरी फळी राहिली. लोक मला पुस्तकवाली बाई म्हणायला लागले आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुस्तकात बघायचं आणि सांगायचं, यात काय विशेष? पण पुस्तकावर विश्वास ठेवायचा की नाही, हेच आमचं काम. मी आधी बघायचे, लिहिणारा कोण. तो तेच औषध विकतो का? विकत असेल तर कागद गुळगुळीत असतो, छपाई रंगीत असते आणि अपायाचं पान नसतं. मग बघायचे, याला हे कळलं कुठून? यानं रोगी पाहिले, की दुसऱ्याचं वाचून उतरवलं? ते कधीचं? आणि पुस्तकात "माहीत नाही" असं कुठं लिहिलंय का, ते मी हुडकायचे. "गरोदर बाईला द्यावं की नाही, याची माहिती नाही" असं एखाद्यानं सरळ लिहिलेलं दिसलं की त्याच्या पाया पडावंसं वाटायचं. उलट "कोणताही दुष्परिणाम नाही" हे वाक्य दिसलं की मी पुस्तक मिटायचे. ज्याचा अपाय नाही त्याचा उपायही नसतो.

जुन्या ग्रंथांबद्दल मात्र मला आजही नवल वाटतं. बिब्बा शुद्ध केल्याशिवाय पोटात देऊ नये, हे ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्यानं त्याआधी किती माणसांची तोंडं उतलेली पाहिली असतील! खबरदारीची एकेक ओळ म्हणजे कोणीतरी भोगलेलं असतं. हे मनात आलं की मी ती पानं जरा हळू उलटायचे.

फसलेही. एकदा एका मुळीचं प्रमाण चार पुस्तकांत बघितलं, चारही एकमतानं बोलली, मी छाती काढून डॉक्टरांना सांगितलं. नंतर सहज लक्षात आलं की चारही पुस्तकांत ती वेल उन्हाळ्यात फुलते असं लिहिलंय. आमच्या बांधावर ती भर पावसात फुलते, लहान पोरगंही सांगेल. म्हणजे एकानं न बघता लिहिलं आणि तिघांनी न बघता उतरवलं. चार तोंडं, जीभ एकच. प्रमाणात चूक नव्हती म्हणून वाचले. पण तेव्हापासून एकमत दिसलं की मी जास्तच घाबरायचे.

आता सत्तारचाचांबद्दल सांगते. शेवटची बारा वर्षं मी ज्या तालुक्याच्या गावी होते तिथं बसस्टँडमागं त्यांचं जडीबुटीचं दुकान होतं. बापाचं, त्याच्या बापाचं. वय पंचाहत्तरच्या पुढं, पाठीत वाक, दाढी मेंदीनं लाल. दुकानात पोती, बरण्या, आणि एक विचित्र नेम. चाचा कुटलेलं काही विकत नसत. चूर्ण मागायला आलेलं गिऱ्हाईक सरळ परत पाठवत.

"कुटून द्या ना चाचा, लोकं थकलेले असतात," मी एकदा म्हटलं होतं.

"ना बेटी. कुटलेल्यात काय हाय, हे अल्लालेच मालूम. साबूत मुयी झूट नाही बोलत. घरी खलबत्ता हाय ना? घेऊन जा, कुटा."

मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं. मी शिकलेली, फळीवर पुस्तकं असलेली. चाचांना वाचता येत होतं ते उर्दू, आणि दुकानात पुस्तक म्हणावं असं काहीच नव्हतं. त्यांना काही विचारावं, असं मला बरीच वर्षं सुचलंही नाही.

गोदाबाई माझ्या खिडकीशी आली ती दसऱ्याच्या सुमाराला. कामरगावच्या पलीकडच्या वाडीतली, पन्नाशीची, दरसाल घरच्यांबरोबर ऊस तोडायला जाणारी. गुडघे गेलेले. बसलं की उठवेना, उठलं की बसवेना. टोळी निघायला पंधरा दिवस होते, आणि गुडघे असे राहिले तर मुकादम तिला नेणार नव्हता. तिच्या हातात घोड्याचं चित्र छापलेली पुडी होती. बाजारात भोंगा लावून जीप उभी राहते, तिच्यावरून घेतलेली.

"बाई, मले हे खाऊ का नको ते सांगा. तुमी पुस्तकात पाह्यता म्हंते."

मला आनंदच झाला. अशी माणसं कमी, जी आधी विचारतात. पुडीवर सहा नावं छापली होती. अश्वगंधा, रास्ना, सुंठ, गुग्गुळ, निर्गुंडी, मेथी. दोन दिवस मी त्या सहा नावांच्या मागं होते. ज्या पुस्तकांवर माझा भरवसा होता तीच उघडली, फोनवर बघितलं ते कोणाचं हे पारखून बघितलं. तिसऱ्या दिवशी गोदाबाईला सांगितलं, "खा. सुंठ-गुग्गुळानं पोटात जळजळ झाली त थांबा. बाकी काई भेव नाही." एवढ्या कसोशीनं मी आयुष्यात फार थोडी उत्तरं दिली असतील.

होळी झाल्यावर टोळी परतली आणि गोदाबाई भेटायला आली. पायऱ्या धडाधड चढत आली. "बाई, आठ दिवसात गुडघे मोकये झाले! सूनबाईच्या बरोबरीनं उसाच्या मोया उचलल्या म्या." चेहरा गोल झाला होता, गाल भरले होते. बाई सुटली, खाणं मानवलं, असं मला वाटलं. सोबत तिची सून रेखा होती. ती हसत नव्हती. "बाई, आत्याबाईले पानी लय लागते. आन जरासं कुठं लागलं तरी हातावर काये-निये डाग पडतात."

डॉक्टरांनी तपासलं तर साखर वाढलेली. त्याआधी तिला कधी साखर नव्हती. डॉक्टर निखिल नवीनच लागलेले, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी साखरेची गोळी लिहून दिली. मी पुन्हा पुस्तकांकडं गेले. सहापैकी एकाही वनस्पतीनं साखर वाढते, असं कुठं नव्हतं. मेथीनं तर उतरते. काहीतरी बसत नव्हतं. मग मी तेच केलं जे कोणीही शहाणं माणूस करेल. टोळीबरोबर नेलेल्या पुड्यांतली उरलेली शेवटची पुडी तिच्याकडून काढून घेतली आणि म्हटलं, "गोदाबाई, आजपासून हे बंद. एक चिमूटबी खाचं नाही."

तो गुरुवार होता. शंका आली की बंद करा, याच्याइतका बिनधोक सल्ला दुसरा नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. पुडी ड्रॉवरमध्ये टाकली आणि चार दिवस ती तिथंच पडून राहिली. त्या चार दिवसांचा हिशेब मी अजून स्वतःला देते आहे.

सोमवारी दुपारी ओवा घ्यायला सत्तारचाचांकडं गेले तेव्हा सहज म्हणून पुडी सोबत घेतली. खरं तर मनात थोडी गंमत होती, म्हातारा काय म्हणतो बघू.

चाचा पुडी घेऊन दारात उजेडाला आले. चिमूटभर तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली, वास घेतला. "सोंठ. पुरानी, कीड लागलेली." दुसरी चिमूट जिभेच्या शेंड्यावर ठेवली आणि डोळे मिटले. मी ओव्याची पिशवी हातात धरून उभी होते. "असगंध हाय, नावाले. रास्ना नाही. गुग्गुल नाही, असता त बोटाले चिकटला असता. मेथी नाही. निर्गुडी नाही. भुसा हाय कायचातरी." थुंकले, चूळ भरली, पुन्हा जीभ लावली.

"बेटी, याच्यात एक कडू हाय. निमाचं कडू मले मालूम हाय, थे मांगून येते. काडेचिरायताचं गयात बसते. कुटकीचं जिभेच्या मुयाशी जाते. हे कडू एकदम येते, आन सपाट येते. हे झाडाचं नाही."

"मग कशाचं?"

"थे मले मालूम नाही. झाडाचं नाही, इथवरी माही जीभ जाते. पुढं तुमचं राज हाय."

सहा नावांसाठी मी दोन दिवस पुस्तकं धुंडाळली होती, आणि त्यातली चार नावं पुडीत नव्हतीच. मी वाचला तो कागदावरचा मजकूर. पुडी वाचायची असते हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि ती वाचणारा माणूस बसस्टँडमागं बसला होता. सत्तर वर्षं एकेक मुळी जिभेला लावून त्यानं ही विद्या कमावली होती, आणि ती जिथं संपते ती जागाही त्याला ठाऊक होती. माझ्या फळीवरच्या एकाही पुस्तकानं इतक्या स्वच्छपणे "मालूम नाही" म्हटलं नव्हतं.

आणि "तुमचं राज" म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत आलं. आठ दिवसांत मोकळे झालेले गुडघे. गोल चेहरा. साखर. हातावरचे डाग. स्टेरॉइड! रोज खिडकीतून ज्या गोळ्या देते त्या गोळ्या. दम्याच्या रोग्याला, अंगावर चट्टे आलेल्याला त्या देताना मी हात धरून सांगायचे, "हे एकदम सोडाचं नाही हं. पाच दिवस दोन, मग एक, मग अर्धी. आपल्या मनानं बंद केली त जिवावर बेतते." शेकडो माणसांना सांगितलं असेल. आणि गोदाबाईला मी पाच महिन्यांनंतर, एका गुरुवारी, एका वाक्यात बंद करायला लावलं होतं. पुडीवर झाडांची नावं होती म्हणून मी झाडांची पुस्तकं उघडली. माझं रोजचं, माझ्या पोटापाण्याचं पुस्तक उघडलंच नाही.

हे का होतं, तेही सांगते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन इवल्या ग्रंथी असतात. आजारपण असो, उपास असो, उन्हातान्हाचे कष्ट असोत, माणसाला उभं ठेवणारा रस त्या करतात. तो रस बाहेरून आयता मिळायला लागला की त्या काम सोडतात, बाहेरून डबा येणाऱ्या घरातली चूल बंद पडावी तशा. डबा एकदम बंद झाला तर चूल लगेच पेटत नाही. तिला कधी आठवडे लागतात, कधी महिने. तोवर माणूस हळूहळू विझत जातं.

रेखाचा नंबर दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलेला होता. चाचांच्या दुकानातूनच फोन लावला.

"बाई, आत्याबाई कालपासून वकून राह्यली. पानीबी टिकत नाही. उठूच नाही राह्यली. उन लागलं म्हनून आमी कांदा बांधला डोक्याले."

ओवा तिथंच टाकून मी पळत सुटले. त्या वयात, त्या उन्हात, चप्पल हातात घेऊन. दवाखान्याची गाडी उभी होती, ड्रायव्हरला म्हटलं चल. कामरगाव मागं पडलं, वाडी आली. गोदाबाई ओट्यावर पडलेली, ओठ सुकलेले, हाक मारली तर डोळे अर्धे उघडले. नाडी हाताला लागेना, पुन्हा चाचपली तेव्हा बारीक लागली. गाडीत मी तिचे पाय माझ्या मांडीवर उंच धरले आणि सगळ्या रस्त्यानं एकच बोलत राहिले, "गोदाबाई, झोपू नका." रेखा रडत होती. मी सांगितलेला सल्ला समोर पडलेला होता आणि त्याचा श्वास मोजत मी बसले होते.

डॉक्टर निखिलना दारातच गाठलं. "पुडीत स्टेरॉइड होतं. मी गुरुवारी बंद करायला लावलं."

"कशावरून, मॅडम?"

जन्मभर हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. पुस्तकांना, कंपनीच्या माणसांना, फोनवरच्या शहाण्यांना. कोणाचं, कुठून, कशावरून? आज तो मला विचारला गेला, आणि माझ्याकडं ना पान होतं ना ओळ.

"सत्तारचाचांच्या जिभेवरून," मी म्हणाले. "त्यांनी पुडी चाखली. झाडाचं नसलेलं कडू आहे म्हणाले. काय आहे ते सांगता येत नाही, असंही म्हणाले. म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे."

पोरगं हसलं असतं तरी मी काय करणार होते? तो हसला नाही. खाटेकडं बघितलं, रक्तदाब बघितला. "तपासणीचा कागद यायला दिवस जातील. तुमचं चुकलं असलं तर एका इंजेक्शननं तिचं फारसं बिघडणार नाही. तुमचं बरोबर असलं आणि मी थांबलो, तर ती जाईल." आणि सिस्टरकडं वळून म्हणाला, "हायड्रोकॉर्टिसोन. सलाइन मोकळं सोडा." म्हणजे तोच रस, कुपीतला. दोन वर्षांचा डॉक्टर! मी त्याच्या वयाची असताना वरिष्ठांना विचारून मग पाणी प्यायचे.

पुढचं मी खाटेजवळ उभी राहून पाहिलं. आधी नाडी भरली. मग ओठांवर रंग आला. दिवस कलला असेल, गोदाबाईनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि सुनेला म्हणाली, "बकऱ्या कोन सोडल्या?" रेखा मोठ्यानं रडायला लागली. मी भांडारखोलीत गेले, दार लोटलं आणि मीही रडले. एवढ्याशा कुपीतलं पाणी, आणि विझत चाललेलं माणूस बकऱ्यांची चौकशी करतं. एकोणतीस वर्षं ह्या कुप्या मी मोजून फळीवर लावल्या होत्या, त्या काय करतात हे मला त्या दिवशी कळलं.

पुडी आम्ही रीतसर तपासणीला पाठवली. कागद यायला बरेच आठवडे लागले. चाचांची जीभ खरी ठरली. मी धावत सांगायला गेले तर म्हणाले, "असं का? आन मेथीचं काय लिवलं? मेथी नव्हती ना?" मेथीचं तपासलंच नव्हतं. चाचांना ते काही पटलं नाही. जीप त्यानंतर कोणी पाहिली नाही.

पण कागदाची वाट बघत बसणं शक्य नव्हतं. गोदाबाईसारखी ती पुडी आणखी कोण कोण खात होतं, काय माहीत? रामनवमी जवळ आली होती. पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत आमचं आरोग्य शिबिर लागतं, तिथं मी भोंगा मागून घेतला. सगळीकडं "भोंदू औषधं बंद करा" असं ओरडतात. मी ओरडत होते, "घोड्याची पुडी खात असाल तर बंद करू नका! आधी आमच्याकडं या!" लोक थांबून हसायचे. एका सायबानं विचारलंसुद्धा, मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात? दोन दिवसांत सात बाया तंबूत आल्या. सगळ्यांचे चेहरे गोल, सगळ्यांच्या पदरात पुडी. डॉक्टर निखिलनी एकेकीला बसवून गोळ्यांचा उतरता हिशेब लिहून दिला. त्यांना बघून माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी वाटत राहिलं, न आलेल्या किती असतील.

गोदाबाईच्या गोळ्या आठवड्या-आठवड्यानं कमी होत होत्या. चेहरा उतरला, साखर उतरली, आणि गुडघे परतले. पुन्हा भिंत धरून चालायला लागली. घरचे मात्र भेटेल त्याला सांगायचे, "बाईनं माईले मरनातून काढलं." मला वाडीत जेवायला बोलावलं. मी तीनदा काहीतरी सबब सांगितली. चौथ्यांदा गोदाबाई स्वतः खिडकीशी बोलवायला आली, आणि माझ्यानं राहवेना.

"गोदाबाई, ऐका. खा म्हणून मीच सांगितलं होतं. सोडा म्हणूनही मीच. दोन्ही खेपा माझंच चुकलं. मी तुम्हाला वाचवलं नाही."

मागं रांग होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, आवाज खाली आणला नाही.

"मले मालूम हाय ना. मी काय येडी हाय? पडल्या पडल्या सारं आठवलं मले. पयले लय राग आला तुमचा." ती गजांना धरून जरा थांबली, गुडघा दुखत असावा. "मंग म्हटलं, पुडीवाला आला का मांगं पाहाले, बाई मेली का जगली? तुमी आल्या. पायात चप्पल नव्हती तुमच्या. आता मले वाडीतल्या बाया इचारतात, कोनाचं आयकाव? मी म्हंते, जो मांगून येऊन पाह्यते त्याचं आयका."

फळीवरचं एकही पुस्तक मी या कसोटीला लावलं नव्हतं, आणि ते बरंच होतं, कारण पुस्तकाला पाय नसतात. पाय मला होते.

"तुमी कायले रडून राह्यल्या?" गोदाबाई म्हणाली. "हे सांगा, उद्यापासून अर्धी का पाव?"

मी खिडकी ओढून घेतली, रांगेला थांबा म्हटलं, आणि बाहेर येऊन तिच्याशेजारी बाकावर बसले. तिच्या हातातली गोळ्यांची पट्टी घेतली, एक गोळी काढून मधोमध मोडून दाखवली.

"अर्धी," म्हटलं. "आणि सोमवारी मी वाडीत येऊन पाहते."